पूर ओसरल्यावर जंगलात काय परत बांधायचं आणि काय सोडून द्यायचं?

छत्रीबाजारकर (लष्कर, ग्वाल्हेर)

मार्च २०२५ मध्ये शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान देशातला ५८ वा व्याघ्र प्रकल्प झालं. म्हणजे आता व्याघ्र संवर्धन आराखडा करणं आलं, कायद्यानेच. त्यात वाघ येतील, चितळ येतील, सफारीचे रस्ते येतील, गेटवरची कमान तर येईलच येईल. पुराचं कलम मात्र दोन ओळींत उरकणार. उभी हयात पाटबंधाऱ्याच्या कामात गेली, अशा दोन ओळी पुष्कळ वाचल्यात: 'आपत्तीप्रसंगी आवश्यक ती दुरुस्ती तातडीने करण्यात येईल.' झालं, संपलं.

२०२१ चा ऑगस्ट आठवा. शिवपुरी, श्योपूर, दतिया, भिंड, सगळीकडे एकदम झड. सिंध नदीला असा लोंढा आला की दतियाकडचे पूल पत्त्यासारखे गेले, रतनगडच्या देवीकडे जाणारासुद्धा. श्योपुरात सीप नदी गावात शिरली. आणि तिकडे श्योपूरच्याच कुनो उद्यानात चित्ते आणायची तयारी जोरात चाललेली असताना जंगलातले रस्ते, रपटे (नाल्यावरचे बुटके पूल) उखडले. मग काय झालं? जे जिथे होतं ते बहुतेक तिथेच पुन्हा उभं राहिलं. मला याच 'तिथेच' वर बोलायचं आहे.

पुरानंतर पैसा येतो तो घाईच्या पाठीवर बसून. नकाशा पुढ्यात घेऊन 'हे इथे हवं होतं का' असं विचारायला तेव्हा कुणालाच वेळ नसतो. म्हणून हा प्रश्न पूर नसताना विचारून, उत्तर कागदावर लिहून, सहीशिक्क्यानिशी कपाटात ठेवलं पाहिजे.

याचं मला सापडलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या योसेमिटीचं. जानेवारी १९९७. डोंगरावर भरपूर बर्फ साठलेलं आणि त्यावर पॅसिफिककडून आलेला ऊबदार पाऊस. पाऊस अधिक वितळलेलं बर्फ, असं दुहेरी पाणी मर्सेड नदीला आलं. दरीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे २५ हजार घनफूट. नदीकाठच्या लॉजच्या निम्म्याच्या आसपास खोल्या गेल्या, शेकडो तंबूजागा गेल्या, मैलापाण्याच्या वाहिन्या फुटल्या, एल पोर्टलचा रस्ता जागोजाग खचला. दरी अडीच महिने बंद. सरकारने १७ कोटी डॉलरांहून जास्त पैसा दिला.

गंमत पुढे आहे. त्यांच्याकडे १९८० चा एक आराखडा आधीच पडून होता. दरीतली बांधकामं कमी करा, खाजगी मोटारी हळूहळू बाहेर काढा, असं त्यात लिहिलेलं. सतरा वर्षं कुणी फारसं हलवलं नव्हतं. नदीने एका रात्रीत अर्धं काम करून दिलं. नदीकाठची अपर रिव्हर आणि लोअर रिव्हर ही दोन तंबूमैदानं पुन्हा उघडलीच नाहीत.

आपल्याकडे असा कागद आहे का? नसेल तर त्यात काय असावं? बोला.

---

बाड्यावरचा_बंडू

काका, शिवपुरीवरून डायरेक्ट कॅलिफोर्निया? मध्ये झाशी तरी लागू द्यायचीत.

बाकी 'तिथेच' चं म्हणाल तर आपलं तिघरा धरण घ्या. १९१७ साली फुटलं, पुन्हा तिथेच बांधलं, आणि आज अर्धं ग्वाल्हेर त्याच पाण्याने दाढी करतं.

---

छत्रीबाजारकर

बंडू, तिघराचं बरोबर बोललास, पण तिथेच पुन्हा बांधणं आणि तसंच पुन्हा बांधणं यात फरक आहे. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी मुरलं म्हणून ते धरण गेलं. पुन्हा उभं करताना कारण शोधून मग हात घातला. धरणाला जागा नदी ठरवून देते, ते उचलून हलवता येत नाही. जंगलातली कँटीन, तिकीटघर, विश्रामगृहाचा संडास, हे हलवता येतं. नेमकं तेच आपण हलवत नाही.

---

फ्रेस्नोची_वहिनी

माहेर दौलतगंज, सध्या मुक्काम फ्रेस्नो, योसेमिटीच्या पायथ्याशी म्हणा ना. काकांनी विषय काढला म्हणून इतक्या दिवसांनी लॉगिन केलं.

दरीत फिरताना ठिकठिकाणी एक पाटी दिसते: जानेवारी १९९७ मध्ये पाणी इथवर होतं. पाटी डोक्याच्याही वर आणि नदी मात्र पलीकडे लांब, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्याची. सासूबाईंना दाखवली तर म्हणाल्या, 'काहीतरीच, कुणीतरी चुकीच्या झाडाशी ठोकलीय.'

पण काका, गोष्ट तुम्ही सांगितली तेवढी सरळ नाही. मर्सेडला १९८७ मध्ये 'वन्य आणि निसर्गरम्य नदी' असा कायदेशीर दर्जा मिळाला होता. त्या कायद्याप्रमाणे नदीचा स्वतंत्र आराखडा करायला हवा होता, तो उद्यानाने केलाच नव्हता. पुरानंतर एल पोर्टलचा रस्ता रुंद करून बांधायला घेतला तेव्हा पर्यावरणवाले कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, आधी नदीचा आराखडा आणा. २००० मध्ये तो आला, त्यावर दावे. दुरुस्त आला, पुन्हा दावे. २००९ मध्ये तडजोड, त्यात आधीचा दरीचा मोठा आराखडाही गुंडाळला. शेवटचा कागद निघाला २०१४ मध्ये. पूर आला तेव्हा जन्मलेलं पोर तोवर कॉलेजच्या उंबऱ्यावर आलं होतं.

आणि जी तंबूमैदानं गेली ती कुणाची? ज्यांना लॉजचं भाडं परवडत नाही त्यांची. आता उरलेल्या जागांचं बुकिंग उघडलं की मिनिटांत संपतं. इथले जुने लोक अजून म्हणतात, निसर्गाच्या नावाखाली स्वस्त मुक्काम काढला आणि महागडा ठेवला. मला हे म्हणणं अगदीच चुकीचं वाटत नाही. दरीतलं सगळ्यात महागडं हॉटेल आजही दिमाखात उभं आहे.

---

इंदूरी_शेव

वहिनी, मग शेवटी सतरा वर्षांनी मिळालं काय?

---

फ्रेस्नोची_वहिनी

@इंदूरी_शेव, बरंच मिळालं. नदीकाठची पडीक झालेली जमीन कुंपण घालून मोकळी ठेवली, गवत आणि विलो परत येऊ दिले. मैलापाण्याच्या वाहिन्या नव्याने टाकल्या. १९१७ च्या सुमारास वीजघरासाठी घातलेला लाकडी बंधारा २००३-०४ मध्ये काढूनच टाकला, पुराने तो तसाही खिळखिळा केला होता.

आणि लोकांनी काय वाचवलं तेही सांगते. २०१३ च्या मसुद्यात बर्फावर घसरायचं मैदान आणि भाड्याच्या सायकली काढायचं म्हटलं होतं. इतका आरडाओरडा झाला की अंतिम आराखड्यात दोन्ही राहिलं, फक्त नदीपासून बाजूला सरकवून. म्हणजे 'ठेवा' आणि 'काढा' च्या मध्ये 'सरकवा' नावाचं एक तिसरं उत्तर असतं. ते सापडायला मात्र भांडावं लागलं.

---

रपटेवाला

नमस्कार. मी वाचक आहे, लिहिणारा नाही, पण रपटे बांधणं हा धंदा आहे म्हणून राहवलं नाही. जंगलातली कामंही केली आहेत.

पूर आल्यावर नक्की काय होतं ते सांगतो. नाल्यावर रपटा असतो. खाली दोन नाहीतर तीन ह्यूम पाइप, वर काँक्रीट. पाइप पाण्याच्या हिशोबाने बसवलेले असतात, पण जंगलातला नाला नुसतं पाणी आणत नाही. ओंडके, बांबूची बेटंच्या बेटं, पळसाच्या फांद्या, सगळं आणतो. एक खैराचा बुंधा पाइपच्या तोंडाशी आडवा बसला की त्यावर पाला, पाल्यावर चिखल, आणि घटकाभरात पाइप बुजतात. मग पाणी वरून जातं. काँक्रीट टिकतं हो, काही होत नाही त्याला. पाणी दोन्ही बाजूंनी, जिथे मातीचा भराव असतो, तिथून वाट काढतं. सकाळी जाऊन बघाल तर नाल्याच्या मधोमध रपटा धडधाकट उभा आणि दोन्ही अंगांना रस्ताच नाही. फोटोत मोठं विचित्र दिसतं.

उपाय कुणाला माहीत नाही असं नाही. पाइपऐवजी रुंद बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी, घाला, भरावाला दगडी पिचिंग करा. नाहीतर सरळ नाल्याच्या तळाला लागून बुटका रपटा करा, म्हणजे पूर आला की वरून जाऊ दे, ओसरला की झाडून घेतला की झालं. जंगलात हा शेवटचा प्रकार सगळ्यात बरा, कारण जनावरांनाही अडचण होत नाही.

मग तसं का करत नाही? मला मिळालेल्या वर्क ऑर्डरमध्ये लिहिलेलं होतं: 'पूर्ववत करणे'. तीनचे दोन पाइप केलेत तरी चालतील, पण पाइपचा बॉक्स केलात तर ते नवीन काम. नवीन कामाचं हेड, म्हणजे खर्चाचं खातं, वेगळं, मंजुरी वेगळी, मोजमाप वेगळं. आणि उद्यान १ ऑक्टोबरला उघडायचं असतं. ऑगस्टच्या पुरानंतर हातात किती दिवस राहतात तुम्हीच मोजा, त्यातून सप्टेंबरचा पाऊस वजा करा. मी साहेबांना बॉक्सचं सुचवलं होतं. साहेब म्हणाले, 'कल्पना उत्तम आहे, पुढच्या पुराला बघू.' चेष्टा नव्हती, मनापासून म्हणाले.

---

बाड्यावरचा_बंडू

'पुढच्या पुराला बघू'. हे वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावायला पाहिजे.

---

पाणकावळा

इथे सगळे 'पुराने नुकसान केलं' असं लिहिताहेत. कुणाचं नुकसान? रस्त्याचं, इमारतीचं. नदीचं नाही. पूर आला नाही तर नदीची तब्येत बिघडते.

काझीरंगा बघा. ब्रह्मपुत्रेचा पूर दरवर्षी आत येतो, बिलांमध्ये, म्हणजे तिथल्या तळ्यांमध्ये, ताजं पाणी आणि मासे सोडतो, गवताखाली नवा गाळ अंथरतो, जलपर्णी वाहून नेतो. पूर थांबला तर ते गवताळ रान हळूहळू झाडांनी भरून जाईल आणि गेंड्याला खायला उरणार नाही. म्हणून तिथे पूर अडवण्याच्या मागे न लागता जनावरांना चढायला मातीचे उंचवटे केलेत. आधीचे शंभराच्या वर होते, २०१६-१७ च्या सुमारास आणखी ३३ मोठे केले. शिवाय जनावरं महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांवर जातात, म्हणून पुराच्या दिवसांत गाड्यांना टाइम कार्ड देतात. एका टोकाला वेळ लिहून देतात, दुसऱ्या टोकाला लवकर पोचलात तर दंड. इतकी साधी युक्ती आहे. पैसा लागतो तो कार्ड छापायला.

आता माधवकडे या. सख्यासागर, म्हणजे आपला चांदपाठा, १९१८ मध्ये मनियर नदी अडवून केलेला तलाव. २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. त्यात मगरी आहेत आणि शहराचं सांडपाणीही आहे. जलपर्णी त्या सांडपाण्यावर पोसते. मोठा पाऊस झाला की पाण्याबरोबर मगर वस्तीत जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये शिवपुरीतल्या एका कॉलनीत आठ फुटी मगर निघाली होती, व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. 'मगर शहरात शिरली' म्हणून बोंब झाली. नाल्याच्या वाटेवर कॉलनी कुणी घातली, ते कुणी विचारलं नाही.

माझी एकच विनंती आहे. पुरानंतर 'सौंदर्यीकरण' या नावाने तलावाच्या काठाला दगडी भिंत घालू नका. मगर उन्हाळ्याच्या तोंडावर उतरत्या मातीच्या काठावर खड्डा करून अंडी घालते, पिल्लं पावसाच्या आधी बाहेर येतात. काठ उभा चिणलात की तिचं बाळंतघर गेलं. एक कडा मातीची ठेवा, उतरती, माणसाला मनाई.

आणि कुनोतला पवन चित्ता विसरू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये तो भरलेल्या नाल्याकाठी मेलेला सापडला, बुडाल्याचं प्राथमिक कारण सांगितलं गेलं. आराखड्यातल्या पुराच्या कलमात फक्त रस्ते नकोत, नालेही हवेत. कुठला नाला किती तासांत भरतो, हे बीटगार्डला तोंडपाठ असतं. ते कुणी लिहून घेतलंय?

---

विश्वामित्रीकाठ (वडोदरा)

आमच्या बडोद्यात राष्ट्रीय उद्यान नाही, पण शहराच्या पोटातून वाहणारी नदी मगरींनी भरलेली आहे, त्यामुळे बोलायचा हक्क राखून ठेवतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. कमाटी बागेत पाणी, सयाजीगंजात पाणी, माणसं गच्चीवर आणि मगरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये. ओसरल्यावर पुढच्या पावसाळ्याआधी नदी खोल आणि रुंद करायची, असं ठरलं. पोकलेन उतरले. ते काम नेमकं मगरीच्या अंडी घालायच्या हंगामात आलं, कारण आपल्याकडे नदीत उतरता येतं ते कोरड्या दिवसांतच. प्राणीवाल्यांनी बिळं आणि घरटी मोजा, खुणा करा, तेवढा काठ सोडा असा आग्रह धरला. काही ठिकाणी ऐकलं गेलं, काही ठिकाणी यंत्र पुढे गेलं. पाणकावळा म्हणतात ते अगदी खरं आहे, यादी आधी हवी. यंत्र काठावर आल्यावर यादी करायला बसलात तर ड्रायव्हर चहा पिईपर्यंतच वेळ मिळतो.

---

इंदूरी_शेव

विषयांतर करतो, माफी. शिवपुरीला राहायची सोय कशी आहे? आणि ग्वाल्हेरात सकाळी बेडई कुठे चांगली मिळते?

---

चालक

बेडईसाठी खाऊगल्लीत वेगळा धागा आहे. इथे पूर.

---

करधई

मी श्योपूर जिल्ह्यात, कराहलच्या बाजूला गावांमध्ये काम करते. वरचं सगळं वाचलं. 'काय सोडून द्यायचं' हे ग्वाल्हेरात बसून विचारायला सोपं आहे, असं जरा स्पष्ट बोलते, काकांनी राग मानू नये.

सिंहांसाठी म्हणून कुनोतून दोन डझन गावं उठवली, त्याला आता वीस वर्षांच्या वर झाली. बहुतेक सहरिया. सिंह आले नाहीत, चित्ते आले, तो वेगळा विषय. पण उद्यानाच्या कडेने आजही गावं आहेत आणि त्यांचा रस्ता तोच, जो नकाशात 'गस्तीमार्ग' म्हणून दाखवतात. २०२१ मध्ये तो तुटला तेव्हा पर्यटक अडकले नव्हते, पावसाळ्यात पर्यटक नसतातच. अडकलं होतं रेशन. अडकली होती बाळंतीण. जीप नाल्याच्या अलीकडे, खाट पलीकडे, आणि मधल्या पाण्यातून चार जणांनी खाट खांद्यावर आणली. योसेमिटीत तंबूची जागा गेली म्हणून लोक हळहळले, ठीक आहे. इथे रपटा सोडून द्यायचा म्हणजे कुणाला सोडून द्यायचं ते आधी लिहा.

आराखड्याच्या बैठकीत या गावांतलं कुणी नसतं. असलं तर सरपंच असतो, तोही सही करायला.

---

छत्रीबाजारकर

करधई, राग कसला. तुम्ही बोललात ते आराखड्यात यायलाच हवं, आणि त्याला एक नीट वाट आहे.

२०२२ च्या जूनमध्ये यलोस्टोनला पूर आला. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८७२ चं, नेमकं दीडशेवं वर्ष चालू होतं. दहा हजारांवर माणसं बाहेर काढली. उत्तरेकडचा मुख्य रस्ता गार्डनर नदीने ठिकठिकाणी गिळला आणि गार्डिनर गावाचा उद्यानाशी असलेला धागा तुटला. त्यांनी दोन कामं वेगवेगळी केली. नदीच्या वर डोंगरावरून १८८० च्या दशकातली घोडागाड्यांची एक जुनी वाट होती, ती रुंद करून, डांबर घालून ऑक्टोबरअखेर उघडली. कायमचा रस्ता कुठून न्यायचा याचा विचार मात्र त्यानंतर निवांतपणे सुरू केला. दक्षिणेकडचा भाग तर दहा दिवसांतच उघडला, गाडीच्या नंबरप्लेटप्रमाणे, एक दिवस सम, एक दिवस विषम.

मला यातून आपल्यासाठी इतकंच घ्यायचं आहे की माणसं पोचवायचं काम आणि कायमचं बांधायचं काम एका फायलीत घालू नये. एकत्र घातलं की तातडीच्या नावाखाली कायमचं चुकतं. तुमच्या गावांसाठी पहिल्या पंधरवड्यात वरच्या अंगाने मुरमाची वाट, आणि ती कुठून जाईल हे आजच ठरलेलं. अशा जुन्या गाडीवाटा आपल्या जंगलातही आहेत. कुनोतल्या पालपूरच्या गढीकडे जाणारे लोक डांबर येण्याआधी काही उडत जात नव्हते.

सोडून द्यायचं म्हणतो ते मी हे: पाण्यापासून हाकेच्या अंतरावरची कँटीन, काठावरचं तिकीटघर, पूररेषेतलं विश्रामगृह. बैठकीत गावांच्या माणसांचं म्हणाल तर ते माझ्या पहिल्याच लेखात यायला हवं होतं.

---

करधई

ही विभागणी मला चालेल. एक भर. वरची वाट कुठून जाईल ते गावातल्या बायकांना विचारा. महुआ आणि तेंदू वेचायला त्याच फिरतात, कुठल्या टेकाडावर पावसाळ्यातही पाय रुततो आणि कुठे नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं. जीपीएस मागाहून लावा.

---

बाड्यावरचा_बंडू

गंभीर प्रश्न विचारू का, पहिल्यांदाच? पैसा. 'पूर्ववत करणे' चं हेड आणि 'सुधारणा' चं हेड वेगळं असेल, तर कपाटात कितीही छान कागद ठेवा, रपटेवाल्या भाऊंना वर्क ऑर्डर तीच मिळणार ना?

---

रपटेवाला

बंडूभाऊ, प्रश्न नेमका आहे. उत्तर अर्धं आहे. आपत्तीचा निधी तातडीच्या डागडुजीसाठीच असतो, त्यातून बॉक्स होत नाही. पण ड्रॉइंग आणि एस्टिमेट आधीच तांत्रिक मंजुरी घेऊन तयार असेल, तर पूर आल्यावर कॅम्पासारख्या (भरपाई वनीकरणाच्या) दुसऱ्या निधीतून किंवा वार्षिक योजनेतून काम उचलता येतं. वेळ जातो तो मंजुरीत, बांधण्यात नाही. मधल्या काळापुरता मुरूम टाकून कच्ची वाट करायला आपत्तीचे पैसे पुरतात. म्हणजे काकांनी सांगितलेल्या दोन फायली, पैशाच्या अंगानेही दोनच. फक्त दुसरी फाइल कोरड्या दिवसांत पूर्ण झालेली हवी. आजवर मी एकाही उद्यानात ती पाहिलेली नाही.

आणि एक. पूररेषा. तुम्ही सगळे पूररेषा म्हणता, पण ती आहे कुठे? मोठ्या नदीची धरणवाल्यांकडे असते. जंगलातल्या नाल्याची कुणाकडे नसते. पूर ओसरल्या ओसरल्या जायचं असतं. झाडांच्या फांद्यांत गवत, चिंध्या, प्लास्टिक अडकलेलं असतं, ती पाण्याची उंची. भिंतीवर चिखलाची ओळ असते. पुढच्या दिवाळीपर्यंत वारा सगळं काढून टाकतो. २०२१ मध्ये एका नाल्यावर अर्जुनाच्या झाडात, माझा हात वर करूनही पोचेना इतक्या उंचीवर, कुणाच्या तरी शेतातलं सोयाबीनचं रोप मुळासकट लटकत होतं. आमचा नवा रपटा त्या रोपाच्या कितीतरी खाली बांधला.

---

फ्रेस्नोची_वहिनी

म्हणजे आमच्याकडच्या त्या पाट्या! काका, हे सगळ्यात स्वस्त काम आहे. आराखडा, मंजुरी होईल तेव्हा होईल, २०२१ ची खूण आधी लावा ना. चौकीदारांना अजून आठवत असेल.

---

पाणकावळा

आठवतं. सख्यासागरच्या सेलिंग क्लबजवळचा एक जुना माणूस आणि आतल्या दोन चौक्यांवरचे लोक पायरी दाखवून सांगतात, पाणी इथवर. दर वेळी तीच पायरी दाखवतात, त्यामुळे विश्वास ठेवायला हरकत नाही. निवृत्त व्हायच्या आत नोंद व्हायला हवी.

---

छत्रीबाजारकर

मग ठरवू या. मी उद्यान कार्यालयाला पत्र लिहितो: पुराच्या खुणा, नाले भरायचे तास, वरच्या वाटांचा नकाशा, पूररेषेतल्या इमारतींची यादी, आणि बैठकीत गावांतली माणसं. पाणकावळा चौक्यांवरून माहिती काढतील, करधई त्यांच्या बाजूची. रपटेवाले, तुम्ही लेव्हल घेऊन याल का? डंपी, म्हणजे लेव्हल मोजायची दुर्बीण, माझ्याकडे आहे, जुना आहे पण बुडबुडा जागेवर येतो.

---

रपटेवाला

येतो. दसऱ्यानंतर कधीही. रंगाचा डबा आणि ब्रश माझ्याकडून. झाडांवर लाल पट्टा मारू, लांबून दिसतो.

---

करधई

झाडावर अजिबात नको. राष्ट्रीय उद्यानात विनापरवानगी झाडाला रंग लावलात तर पुराच्या आधी आपलाच पंचनामा होईल. चौकीच्या भिंतीवर मारा, रपट्याच्या काँक्रीटवर मारा, आणि तेही लेखी परवानगी घेऊन. काका, पत्रात तेवढं एक कलम वाढवा.